भोंगा थांबला, हिशेब थांबू नये

मागच्या रविवारी विहारात वंदना आटोपली, चहा झाला आणि लोक पांगायला लागले. तेवढ्यात एक मावशी पदर सावरत आमच्याजवळ आल्या. त्यांचे यजमान भूमिगत खाणीत लोडर होते. ते जाऊन बरीच वर्षे झाली. मागाहून खाणही बंद झाली. मावशी मात्र अजून त्याच वस्तीत, त्याच दोन खोल्यांत राहतात. म्हणाल्या, "भाऊ, तुमी हापिसातले कागदं वाचता. त्या बंद खाणीवर मोठा बगिचा होनार म्हनतेत, कोनी म्हनते सूर्याच्या इजेच्या पाट्या लावनार. होऊ द्या बापा. पन माह्या घराच्या भितीले भेग पडली, थे कोनाले सांगू?"

आमच्यापाशी त्या क्षणी उत्तर नव्हते. आम्ही बी. कॉम. झालेले कारकून. जमा आणि खर्च, आवक आणि जावक, एवढेच आमचे रोजचे जग. घरी येऊन विचार केला की, निदान या प्रश्नाची जमा-खर्चाची बाजू तरी आपण तपासून पाहावी. ती पाहिली, आणि जे दिसले ते या आठवड्यात आमच्या वाचक कुटुंबांपुढे ठेवत आहोत.

चंद्रपूर जिल्ह्यात भेगेची भीती ही म्हाताऱ्या माणसाची शंका म्हणून उडवून लावता येत नाही. २६ ऑगस्ट २०२२ चा दिवस आठवा. घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर दिवसाउजेडी जमिनीत गेले. आधी हादरे जाणवले म्हणून घरातली माणसे बाहेर पळाली आणि वाचली. मग भिंती, छप्पर, चूल, भांडी, सगळे खाली. वर्तमानपत्रांतून सत्तर-ऐंशी फूट खोलीचा आकडा आला. त्या भागाच्या पोटात इंग्रजांच्या काळातली जुनी भूमिगत खाण आहे. आजूबाजूच्या कुटुंबांना घाईने घरे सोडावी लागली. ज्यांनी खाणीत कधी पाऊल टाकले नव्हते, अशा बायकामुलांना त्या दिवशी कळले की आपण इतकी वर्षे खाणीच्या छतावर स्वयंपाक करीत होतो.

असे का होते, हे जुन्या कामगारांना विचारावे. भूमिगत खाणीत कोळसा काढताना बोगदे खणत जातात आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब सोडतात. त्या खांबांवर वरची जमीन उभी असते. पुढे पुढे खांबही काढतात. तेव्हा रिकाम्या जागेत पाण्याबरोबर रेती सोडून ती भरायची, नाही तर छत हिशेबाने खाली बसू द्यायचे, अशी पद्धत आहे. रेती नीट भरली, नकाशे नीट ठेवले, तर वरच्या माणसाला धोका कमी. पण आपल्याकडच्या खाणी आजच्या नाहीत. वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ पासून चालली आणि १९०६ मध्ये बंद झाली. बल्लारपूरचा कोळसा त्यानंतरचा. पुढे कितीतरी वर्षे खाजगी मालकांनी कोळसा काढला, आणि १९७३ मध्ये या खाणी सरकारने ताब्यात घेतल्या. १९७५ पासून त्या वेकोलिकडे, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आहेत. एवढ्या लांब काळात किती मालक आले आणि गेले! जुन्या मालकाने किती खांब कापले, किती रेती भरली, याची नोंद प्रत्येक ठिकाणी चोख सापडेल अशी आशा कोणी करावी? लाकडी खांब कुजतात, कोळशाचे खांब पाण्याने आणि हवेने झिजतात. माणूस विसरतो, पण जमीन विसरत नाही.

हे झाले भूमिगत खाणीचे. खुल्या खाणीची गोष्ट निराळी. तिथे वरची माती आणि मुरूम उचलून बाजूला डोंगर रचतात. त्याला आपण सगळे 'ओबी' म्हणतो. कोळसा संपला की मागे एक खोल खड्डा राहतो, त्यात पाणी साचते, आणि शेजारी मातीचा डोंगर उभा राहतो. पावसाळ्यात ती माती वाहून नाल्यात आणि नदीत जाते. इरई आणि वर्धा नदीकाठच्या लोकांची ही तक्रार जुनी आहे, आणि जुलै २०२२ च्या पुरात ती पुन्हा ऐकू आली. डोंगरावर विलायती बाभूळ आणि सुबाभूळ माजते. लांबून पाहणाऱ्याला वाटते, वा, किती हिरवे झाले! पण त्या झुडपांत रानडुकरे येतात आणि त्यांच्यामागे वाघ-बिबटे येतात. ताडोबा इथून किती दूर आहे? फेब्रुवारी २०२२ मध्ये लागोपाठ दोन घटना झाल्या. चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराला मारले आणि दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला नेले. ज्या जागेला कोणी धनी उरत नाही, तिचा त्रास शेजारच्या गरिबाच्या दारात येतो.

आता जमा-खर्चाकडे येऊ. पुष्कळांना वाटते, खाण बंद झाली म्हणजे कंपनीचे देणेघेणे संपले. तसे नाही. कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये नियम केला की प्रत्येक खाणीची 'बंद करण्याची योजना' आधीच तयार असली पाहिजे आणि त्यासाठी पैसे बाजूला पडले पाहिजेत. ऑगस्ट २००९ च्या भावाने खुल्या खाणीला हेक्टरी ६ लाख रुपये आणि भूमिगत खाणीला हेक्टरी १ लाख रुपये, असा तो दर होता. पुढे तो वाढत गेला. ही रक्कम खाणीच्या आयुष्याच्या वर्षांवर वाटून दरवर्षी एका वेगळ्या खात्यात भरायची. त्याला एस्क्रो खाते म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचे तर पैसे कंपनीचे, पण कुलपाची किल्ली कंपनीच्या एकटीच्या हातात नाही. कोळसा नियंत्रकाची मंजुरी लागते.

आपण एक उदाहरण मांडू. समजा, एका खुल्या खाणीचे क्षेत्र ३०० हेक्टर आहे. ३०० गुणिले ६ लाख, म्हणजे १८ कोटी रुपये. हा केवळ जुन्या दराने केलेला पाढा आहे. खरी रक्कम खाणीगणिक निराळी. पण १८ कोटी हा आकडा आपल्या वस्तीतल्या माणसाने एकदा मोठ्याने उच्चारून पाहावा. जमीन सपाट करणे, खड्डा सुरक्षित करणे, तोंडे बुजवणे, झाडे लावणे, पाण्याची तपासणी करणे, हे सगळे या पैशातून व्हायचे असते. २००९ च्या नियमांत अशीही सोय होती की, दर पाच वर्षांनी काम तपासून जमा रकमेपैकी ८० टक्क्यांपर्यंत कंपनीला परत मिळावी. म्हणजे तपासणी कडक असेल तर जमीन सुधारेल. तपासणी कागदावर झाली तर पैसे परत जातील आणि भेग तशीच राहील. सगळा प्रश्न त्या तपासणीचा आहे, आणि तपासणीच्या वेळी तिथे राहणारा माणूस हजर असतो का, याचा आहे.

या नियमालाही एक मोठे भगदाड होते. २००९ च्या आधीच सोडून दिलेल्या खाणींचे काय? त्यांच्या नावाने कोणी असे खाते उघडले नव्हते. त्यांच्यासाठी मंत्रालयाला २०२२ मध्ये वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये खाण बंद करण्याचे नियम पुन्हा नव्याने आले. आणि रीतसर बंद झाल्याचा दाखला देशात पहिल्यांदा मिळाला तो २०२५ मध्ये. मध्य प्रदेशात, आपल्याच वेकोलिच्या पाथाखेडा भागातल्या तीन भूमिगत खाणींना तो मिळाला. नियम २००९ चा आणि पहिला दाखला २०२५ चा. मधली सोळा वर्षे मोजा. या काळात भोंगे किती ठिकाणी थांबले असतील!

इथे आम्हाला बाबासाहेबांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. आपण त्यांना घटनाकार म्हणून ओळखतो. पण १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते, हे आपल्या मुलांना कितपत ठाऊक आहे? डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा पट्ट्यात गेले, स्वतः खाणीत उतरले, कामगारांची घरे पाहिली. त्यानंतर लगेच, जानेवारी १९४४ अखेर, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. त्यातली कल्पना साधी आणि पक्की होती. खाणीतून निघणाऱ्या कोळशावर टनामागे उपकर बसवायचा आणि तो पैसा कामगारांच्या घरांवर, पाण्यावर, दवाखान्यांवर, शिक्षणावर खर्च करायचा. मालकाची दया नको, टनाचा हिशेब हवा. तो कायदा १९८६ मध्ये रद्द झाला आणि ती जबाबदारी कंपन्यांकडे गेली. पण विचार गेला नाही. जमिनीतून जे निघते त्याच्यावर त्या जमिनीवर राबणाऱ्याचा हक्क आहे, आणि तो हक्क खात्यावर आकड्यात लिहिला गेला पाहिजे, हा तो विचार. आजचे एस्क्रो खाते म्हणजे त्याच जातीची गोष्ट आहे. तेव्हा निधी कामगाराच्या नावाने होता, आता जमिनीच्या नावाने आहे. फरक एवढाच की तेव्हा त्याच्यामागे बाबासाहेब उभे होते. आज कोण उभे आहे?

बगिचा आणि सौर पाट्या यांना आमचा विरोध नाही. नागपूर जिल्ह्यात सावनेरला वेकोलिने खाण पर्यटन सुरू केले, लोक तिकीट काढून खाण बघायला जातात. पाटणसावंगीला खाणीतले पाणी शुद्ध करून २०१८ पासून बाटलीत भरले जाऊ लागले. ओबीच्या ढिगाऱ्यातून रेती काढून ती घरकुलांसाठीही दिली गेली. म्हणजे मनात आणले तर खाणीच्या उरल्यासुरल्या वस्तूंतून कितीतरी करता येते. आमचा प्रश्न निराळा आहे. या कामांत कोणाला काम मिळेल, आणि जमीन कोणाची राहील?

कोळशासाठी जमीन घेण्याचा कायदा १९५७ चा आहे. त्या कायद्याने जमीन एकदा गेली की गेली. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने धोरण ठरवले की कोळसा संपलेली अशी जमीन ठरावीक कामांसाठी भाडेपट्ट्याने देता येईल, मालकी मात्र सरकारी कंपनीचीच राहील. शेतकऱ्याला ती परत मिळत नाही. आता आपल्या लोकांचे पाहा. जमीन घेताना ज्याच्या नावावर सातबारा, त्याला मोबदला, आणि दोन एकरांमागे एक नोकरी. ज्याच्या नावावर काहीच नाही, जो दुसऱ्याच्या धुऱ्यावर निंदणी-कापणी करून जगत होता, त्याच्या हाती काय आले? आपल्या समाजातली आणि आदिवासी समाजातली किती घरे अशी भूमिहीन होती, हे ज्याने त्याने आपल्या गावात मोजावे. खाण उघडताना ही माणसे यादीत नव्हती. खाण बंद होतानाही ती यादीत नसतात. कायम कामगाराची दुसऱ्या खाणीत बदली होते. ठेकेदाराकडचा मजूर, ट्रकवरचा हमाल, गेटसमोर चहा विकणारी बाई, यांची बदली कुठे होते? गेटला कुलूप लागले की त्यांचा पगार थांबला, एवढीच त्यांची खाणबंदी.

दूरदेशी काय घडले, तेही ऐकण्यासारखे आहे. वेल्समध्ये अबरफान नावाचे कोळसा कामगारांचे गाव आहे. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी गावावरचा खाणीच्या मातीचा ढिगारा पावसाने घसरला आणि शाळेवर आला. ११६ मुले आणि २८ मोठी माणसे गेली. जगभरातून लोकांनी मदत पाठवली. आणि पुढे झाले काय? उरलेले ढिगारे हलवण्यासाठी त्याच मदतनिधीतून दीड लाख पौंड घेतले गेले. मेलेल्या लेकरांच्या नावाने आलेल्या पैशातून कंपनीची माती उचलली! लोकांनी हा अन्याय विसरू दिला नाही. ती रक्कम १९९७ मध्ये परत करावी लागली. तीस वर्षांनी का होईना, हिशेब झाला, कारण मागणारे थकले नाहीत.

दुसरे उदाहरण जर्मनीचे. तिथल्या रूहर भागातली शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. खाणी बंद झाल्या, पण पाण्याचे पंप बंद झाले नाहीत. जमीन इतकी खाली बसली आहे की पाणी कायम उपसत राहावे लागते, नाही तर वस्त्या बुडतील. त्या खर्चासाठी २००७ मध्येच एक संस्था उभी करून पैसे बाजूला ठेवले. तिथेच एसेन शहरातली १९८६ मध्ये बंद झालेली एक खाण आज जागतिक वारसा म्हणून लोक पाहायला जातात. बगिचा तिथेही झाला, पण आधी पंपाची सोय झाली. आपल्याकडे उलटा क्रम व्हायला नको.

मग आपण काय करावे? केवळ संताप करून भेग बुजत नाही. आमच्या कारकुनी डोक्यातून आलेल्या काही साध्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, भेगेचा कागद करा. भेग कधी दिसली, किती लांब आहे, पावसानंतर वाढली का, हे वहीत तारखेसह लिहा. मोबाइल घरोघरी आहे. पट्टी शेजारी धरून फोटो काढा. हादरा जाणवला, विहिरीचे पाणी अचानक उतरले, जमिनीतून धूर किंवा वाफ दिसली, तर तेही लिहा आणि त्याच दिवशी ग्रामपंचायतीत किंवा नगर परिषदेत आणि तहसील कार्यालयात अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका. तोंडी तक्रार म्हणजे पाण्यावरची रेघ. मात्र जमीन हलते आहे असे वाटले, तर अर्ज नंतर, आधी लेकरांना घेऊन बाहेर पडा. घुग्घुसची माणसे त्यामुळेच वाचली.

दुसरी गोष्ट, योजना मागा. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. आपल्या शेजारच्या खाणीची बंद करण्याची योजना, एस्क्रो खात्यातली जमा, त्यातून परत घेतलेली रक्कम आणि जुन्या भूमिगत कामाचा नकाशा, या चार गोष्टी मागा. प्रश्न थोडे आणि नेमके ठेवा. दारिद्र्यरेषेखालील माणसाला या अर्जाची फी पडत नाही. वस्तीत बारावी झालेली एखादी मुलगी असेलच. तिला हे काम द्या. नोकरीच्या परीक्षेचा अभ्यासही होईल आणि वस्तीचे कामही होईल.

तिसरी गोष्ट, पोरांना आणि कोळसा वेचणाऱ्या बायकांना सांभाळा. बंद खाणीच्या पाण्यात पोहायला जाऊ देऊ नका. त्या खड्ड्याला नदीसारखा उतार नसतो. काठ संपला की एकदम खोल. सोडलेल्या इन्क्लाइनच्या तोंडात चुलीसाठी कोळसा आणायला शिरू नका. आत विषारी वायू असतो, त्याला वास नसतो. सोडलेल्या खाणीच्या तोंडाला कुंपण घालणे खाणवाल्यांना कायद्याने बंधनकारक आहे. कुंपण तुटले असेल तर तोही अर्जाचा विषय आहे.

चौथी गोष्ट, जनसुनावणीला जा. नवीन खाण किंवा जुन्या खाणीचा विस्तार असला की प्रदूषण मंडळ सुनावणी घेते. आपली माणसे तिथे नोकरी मागतात, ते योग्यच आहे. पण सोबत हेही विचारा की ही खाण बंद होईल त्या दिवशी आमची वस्ती कुठे असेल. हे उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. गडचिरोलीच्या आपल्या बांधवांनाही हेच सांगणे आहे. तिकडे सुरजागडच्या डोंगरात लोहखनिजाचे काम जोरात आहे. खाण तरुण आहे तोवरच तिच्या म्हातारपणाची तरतूद विचारून घ्यावी. म्हातारी झाल्यावर ती कोणालाच ओळखत नाही.

आमची मागणी मोठी नाही. बंद खाणीवर काहीही उभारण्याआधी तिच्या वर आणि शेजारी राहणाऱ्या घरांची तपासणी व्हावी आणि धोक्यातल्या कुटुंबांना पट्ट्यासह पक्की जागा मिळावी. झाडे लावण्याचे, राखण्याचे, बगिच्याचे, सौर पाट्या पुसण्याचे काम आधी त्या वस्तीच्या माणसांना आणि बचत गटांना मिळावे. आणि खात्याचा हिशेब वर्षातून एकदा ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावा. ज्या कंपनीला जमिनीच्या पोटातला कोळसा टनाटनाने मोजता येतो, तिला एवढा हिशेब वाचणे जड जाऊ नये.

परवा संध्याकाळी आम्ही मावशींच्या घरी जाऊन आलो. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. भेग त्यांच्या जरा खालून तिरपी गेलेली. मावशींनी तिथे कॅलेंडर टांगून ती झाकली होती. पाहुणे आले तर बरे दिसत नाही म्हणून. आम्ही कॅलेंडर काढायला लावले. नातीने पट्टी आणली, आम्ही फोटो घेतला, वहीत तारीख टाकली. मग तिथेच बसून अर्ज लिहिला. मावशींना सही येते. त्यांनी ती सावकाश, एकेक अक्षर जोडून केली. आमच्या हातात कागद देताना म्हणाल्या, "आता हे कॅलेंडर कुठी टांगू?"

आम्ही म्हणालो, "दुसऱ्या भिंतीवर टांगा मावशी. ही भिंत आता साऱ्यांना दिसू द्या."

जय भीम.